परवलीचा शब्द : निर्मिती आणि जतन

किल्ल्याच्या दरवाजावरील पहारेकऱ्याला रात्री येणाऱ्याचा चेहरा ओळखता येत नसे. म्हणून परवलीचा शब्द विचारला जाई. शब्द बरोबर आला की दरवाजा उघडे. तो शब्द कोणी आणि कोणत्या हेतूने उच्चारला, हे दरवाजाला कळत नसे. संगणकाच्या बाबतीत आज नेमकी हीच स्थिती आहे. शाळेची पटनोंदणी, शिक्षकांची वेतनदेयके, नागरिकांचे दाखले, तसेच २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवरील ग्रामपंचायतींचे नियोजन व हिशेब, ही सर्व कामे आता परवलीच्या शब्दाच्या, म्हणजेच पासवर्डच्या, आधारावर चालतात. नाव आणि शब्द जुळले की संगणक माणसाला आत घेतो आणि पुढची प्रत्येक नोंद त्याच्या नावावर लिहितो. परवलीचा शब्द ही अशा रीतीने एक स्वाक्षरीच होय. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर चुकीच्या नोंदीचे उत्तर मूळ धन्याला द्यावे लागते.

एका अधिकाऱ्याला किंवा मुख्याध्यापकाला असे दहा-पंधरा शब्द सांभाळावे लागणे ही आता नित्याची बाब झाली आहे. ते सर्व वेगळे असावेत, अवघड असावेत आणि कोठेही लिहून ठेवू नयेत, अशी अपेक्षा केली जाते. या तीन अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करणे मानवी स्मरणशक्तीला शक्य नाही. म्हणूनच शब्द तयार करण्याचे व जतन करण्याचे काम संगणकाच्या आज्ञावलीकडे सोपविण्याची पद्धत पुढे आली. ती पद्धत कशी चालते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

माणसाने निवडलेले शब्द

संगणकावरील परवलीच्या शब्दाचा इतिहास साठ वर्षांहून थोडा अधिक आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली एकच संगणक अनेकांनी वापरण्याची प्रणाली तयार झाली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात व प्रत्येकाला ठरलेला वेळ मिळावा, यासाठी तेथे परवलीचे शब्द देण्यात आले. परंतु १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, वाट्याला आलेला वेळ अपुरा पडत असल्याने, सर्वांच्या शब्दांची फाइल छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम केले. सर्व शब्द एका फाइलीत उघडे लिहिलेले होते, हे त्या प्रणालीचे वैगुण्य होते.

पुढे हे शब्द मूळ रूपात न ठेवता, ज्यावरून मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा एकमार्गी रूपांतरात साठविण्याची पद्धत रूढ झाली. तरीही दुसरे वैगुण्य उरलेच. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ परवलीच्या शब्दांची पाहणी दिली आहे. त्यांपैकी २,८३१ शब्द, म्हणजे सुमारे ८६ टक्के, सहज शोधता येण्याजोगे निघाले. काहींनी तर केवळ एकच अक्षर ठेवले होते. तीस वर्षांनंतर, २००९ मध्ये, रॉकयू या अमेरिकी कंपनीकडून तीन कोटींहून अधिक शब्द चोरीस गेले. ते उघड्या स्वरूपात साठविलेले होते आणि त्यांत सर्वाधिक वापरला गेलेला शब्द होता ‘१२३४५६’. म्हणजे तीस वर्षांत यंत्रे बदलली, पण माणसाची सवय बदलली नाही.

याचे कारण आळस हे नव्हे. माणूस जे आठवते तेच निवडतो. गावाचे नाव, कुलदैवत, अपत्याचे नाव, जन्मवर्ष, भ्रमणध्वनी क्रमांक हे सारे लक्षात राहते, पण ते इतरांनाही ठाऊक असते. एखाद्या प्रसिद्ध अभंगाची ओळ कितीही लांब असली तरी ती गुप्त नसते. शब्द शोधणाऱ्या आज्ञावल्या प्रथम अशाच नावांच्या, सालांच्या व वाक्यांच्या याद्या चालवून पाहतात. ‘ए’ ऐवजी ‘@’ लिहिणे किंवा शेवटी ‘१२३’ जोडणे या युक्त्याही त्या याद्यांत केव्हाच समाविष्ट झालेल्या आहेत.

त्याहून मोठा धोका एकच शब्द अनेक ठिकाणी वापरण्याचा आहे. खरेदीच्या एखाद्या संकेतस्थळावरून यादी चोरीस गेली, की तेच नाव व तोच शब्द बँकेच्या, ई-मेलच्या आणि कार्यालयीन प्रणालींच्या दरवाजांवर लावून पाहिला जातो. अशा वेळी सर्वात दुर्बळ दरवाजाइतकीच सर्व दरवाजांची सुरक्षितता राहते.

लांबीचे गणित

इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांपासून आठ अक्षरी शब्द बनवायचा झाल्यास एकूण २०,८८२ कोटींहून अधिक जुळण्या होतात. ही संख्या प्रचंड भासते. परंतु चोरलेल्या यादीवर संगणक सेकंदाला शंभर कोटी शब्द ताडून पाहत असेल, तर साऱ्या जुळण्या सुमारे साडेतीन मिनिटांत संपतात. उलट लहान-मोठी अक्षरे व अंक मिळून ६२ चिन्हांतून यदृच्छेने निवडलेला सोळा चिन्हांचा शब्द घेतल्यास, त्याच वेगाने सर्व जुळण्या तपासण्यास सुमारे दीड लाख कोटी वर्षे लागतील. येथे ‘यदृच्छेने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माणसाने मनाने रचलेल्या सोळा चिन्हांना हे गणित लागू पडत नाही, कारण मन ठरावीक वाटांनीच चालते.

हे काम आज्ञावली चोख करते. किती चिन्हांचा शब्द हवा व त्यात कोणत्या प्रकारची चिन्हे असावीत हे सांगितले, की ती क्षणार्धात तसा शब्द तयार करते. तो लक्षात ठेवण्याची गरज नसल्याने तो कितीही क्लिष्ट असला तरी चालतो.

तिजोरीची रचना

अशा आज्ञावलीला सामान्यतः पासवर्ड मॅनेजर म्हणतात. तिचे स्वरूप तिजोरीसारखे असते. प्रत्येक संकेतस्थळाचे नाव, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द अशा नोंदी तीत ठेवल्या जातात आणि संपूर्ण नोंदवही कूटबद्ध केली जाते. ती उघडण्यासाठी एकच मुख्य शब्द लागतो. आज्ञावली मुख्य शब्दावर मुद्दाम वेळखाऊ आकडेमोड करून किल्ली तयार करते. धन्याला एकदाच शब्द द्यावयाचा असल्याने त्याला हा विलंब जाणवत नाही. पण कोट्यवधी शब्द ताडून पाहणाऱ्या चोराचा वेग त्यामुळे अत्यंत मंदावतो.

या तिजोऱ्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात नोंदवही आपल्याच संगणकावर एका फाइलीत राहते. ब्रूस श्नायर यांनी १९९७ मध्ये पुढे आणलेली पासवर्ड सेफ आणि डोमिनिक रायखल यांनी २००३ मध्ये सुरू केलेली कीपास ही त्याची उदाहरणे होत. येथे फाइलीची दुसरी प्रत सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची असते. दुसऱ्या प्रकारात कूटबद्ध नोंदवही कंपनीच्या संगणकावर राहते व ती भ्रमणध्वनीवर आणि संगणकावर दोन्हीकडे उघडता येते. २०१६ मध्ये सुरू झालेली बिटवॉर्डन ही या प्रकारातील आहे.

या साधनांचा आणखी एक लाभ सहसा लक्षात घेतला जात नाही. संकेतस्थळावर शब्द आपोआप भरण्याची सोय वापरल्यास, आज्ञावली पत्ता तंतोतंत जुळल्याशिवाय शब्द भरत नाही. एखाद्या बँकेचे हुबेहूब दिसणारे बनावट पान माणसाच्या डोळ्यांना फसवील. पत्त्यात एक अक्षर वेगळे असले तरी आज्ञावली थांबते. नेहमी भरला जाणारा शब्द एके दिवशी भरला गेला नाही, तर तो हाताने टंकलिखित करण्यापूर्वी पत्ता पुन्हा वाचावा.

मुख्य शब्द : फाशांची रीत

आता प्रश्न उरतो तो मुख्य शब्दाचा. तो मात्र माणसालाच लक्षात ठेवावा लागतो. यासाठी आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सांगितलेली फाशांची रीत सोपी आहे. पाच फासे टाकले असता ७,७७६ निरनिराळे क्रम येऊ शकतात. तितक्याच शब्दांची क्रमांक दिलेली यादी घेऊन, पडलेल्या दानाप्रमाणे एकेक शब्द निवडावयाचा. असे सहा शब्द निवडल्यास, मागील उदाहरणातील वेगाने सर्व जुळण्या तपासण्यास सुमारे सत्तर लाख वर्षे लागतील.

मराठी शब्दांची यादी करून ते रोमन लिपीत लिहिले तरी हीच रीत चालते. उदाहरणार्थ, ‘कंदील, शेवगा, पाटबंधारा, घोंगडी, तराजू, पळस’ अशी ओळ निघाली, तर तिला अर्थ नसला तरी तिचे चित्र मनात राहते. निघालेला शब्द आवडला नाही म्हणून बदलू नये, कारण आवड आली की यदृच्छा संपली. येथे छापलेली ओळ अर्थातच कोणी वापरू नये. शिक्षकांना गणिताच्या तासाला संभाव्यता शिकविताना हा प्रयोग वर्गात करून दाखविता येईल.

एक धोक्याची सूचना

सर्व शब्द एकाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे नाही काय, हा आक्षेप रास्त आहे. लास्टपास या कंपनीकडून २०२२ मध्ये ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या. आतील परवलीचे शब्द कूटबद्ध होते. परंतु संकेतस्थळांचे पत्ते तसे नव्हते. ज्यांचा मुख्य शब्द लांब व यदृच्छ होता त्यांची तिजोरी चोराच्या हाती पडूनही बंद राहिली. ज्यांचा शब्द दुबळा होता त्यांना आतील प्रत्येक शब्द बदलणे भाग होते. तात्पर्य, तिजोरीचे बळ अखेर मुख्य शब्दावर अवलंबून असते. त्याच्या जोडीला भ्रमणध्वनीवरील सांकेतिक अंकासारखी दुसरी खूण ठेवल्यास केवळ शब्द कळून चोराला खात्यात शिरता येत नाही. मात्र तिजोरीची प्रतच चोरीस गेली असेल, तर ही दुसरी खूण नेहमीच उपयोगी पडते असे नाही.

वारंवार शब्द बदलण्याविषयीही विचार पालटला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने पूर्वी दिलेल्या मार्गदर्शनामुळे अक्षरे, अंक व चिन्हे यांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने शब्दबदल सर्वत्र रूढ झाला. परिणामी लोक जुन्याच शब्दापुढील साल बदलू लागले. २०१७ मध्ये त्याच संस्थेने ही भूमिका बदलली. शब्द फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा तो बदलावा, लांबीवर भर द्यावा आणि पासवर्ड मॅनेजरचा वापर करू द्यावा, असे नवे मार्गदर्शन आहे. तथापि ज्या विभागाने मुदत ठरवून दिली आहे तेथे तो नियम पाळणे आवश्यक आहे. आणि साधन हाती असले की तो पाळणे जडही जात नाही.

कार्यालयातील शिस्त

कोणत्याही कार्यालयात नवी आज्ञावली बसविण्यापूर्वी आपल्या विभागाची अनुमती घ्यावी. मान्य नसलेले साधन शासकीय संगणकावर चालविणे योग्य नव्हे. त्यानंतर पुढील बाबी पाळाव्यात :

१. परवलीचा शब्द भिंतीवर, संगणकाच्या पडद्याखाली किंवा नोंदवहीच्या मुखपृष्ठावर लिहू नये. गटसंदेशातून पाठवू नये.

२. प्रथम ई-मेल, बँक व वेतनविषयक खात्यांचे शब्द बदलावेत. ई-मेल हाती आला की इतर खात्यांचे शब्द बदलून घेता येतात, म्हणून त्याचा क्रम पहिला.

३. सेवा केंद्रातील किंवा अनेकांच्या वापरातील संगणकाच्या ब्राउझरमध्ये शब्द साठवू नये.

४. मुख्य शब्द विसरल्यास बहुतेक तिजोऱ्या कंपनीलाही उघडता येत नाहीत. म्हणून वैयक्तिक तिजोरीचा मुख्य शब्द कागदावर लिहून घरी कुलुपात ठेवावा. कार्यालयीन सामाईक तिजोरी असल्यास तो मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात राहावा आणि पाकीट उघडल्याची नोंद व्हावी.

५. बदली किंवा सेवानिवृत्तीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत सामाईक खात्यांचा समावेश करावा आणि नव्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी त्यांचे शब्द बदलावेत. वैयक्तिक नावाचे खाते मात्र हस्तांतरित न करता बंद करावे.

६. सरपंच आणि ग्रामपंचायतीचे सचिव यांनी आपली डिजिटल स्वाक्षरी व तिचा सांकेतिक अंक नोंदी करणाऱ्या चालकाकडे सोपवून ठेवू नये. रक्कम अदा होण्यापूर्वी दोघांनी स्वतः पाहावे, याचसाठी दोन स्वाक्षऱ्यांची योजना असते. दोन्ही किल्ल्या एकाच हाती गेल्या की ही तपासणीच नाहीशी होते.

ही शिस्त केवळ सोयीची बाब नाही. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा परवलीचा शब्द कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम २००८ च्या सुधारणेने समाविष्ट झाले व २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आले. शब्दाच्या गैरवापरातून आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

विश्वासाने सहकाऱ्याला शब्द सांगणे ही आपल्याकडील कार्यालयांची जुनी रीत आहे आणि तीमागे बहुधा काम अडू नये हीच भावना असते. परंतु अशा रीतीने केलेल्या कामात पुढे चूक निघाली, तर ती कोणी केली हे सांगण्यास कोणताही पुरावा उरत नाही. दोषी सुटतो आणि निरपराध अडकतो. प्रत्येकाचे खाते वेगळे, प्रत्येक शब्द यंत्राने घडविलेला आणि सर्व शब्द एका भक्कम कुलुपात, ही व्यवस्था सहकाऱ्यावरील अविश्वासाची द्योतक नाही. प्रामाणिक कर्मचाऱ्याच्या नावाचे ती रक्षण करते, आणि ज्या विद्यार्थ्यांची, शेतकऱ्यांची व ग्रामस्थांची माहिती त्या नावावर विसंबून साठविली आहे, त्यांचेही.