उंट, घाम आणि उष्मागतिकीचा दुसरा नियम

अकरावी-बारावीतली आपली मुले एक प्रश्न हमखास विचारतात. उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो की विश्वातील अव्यवस्था, म्हणजेच एन्ट्रॉपी, वाढतच जाते. मग एका पेशीपासून माणसापर्यंत सुसूत्र होत गेलेली सजीवसृष्टी या नियमात बसते कशी? उत्क्रांती खोटी की नियम खोटा? मी भौतिकशास्त्रज्ञ नाही. पण डॉक्टर म्हणून या प्रश्नाचे उत्तर मला मस्कतच्या प्रत्येक उन्हाळ्यात दिसते.

आधी नियमाची अट नीट वाचू या. एन्ट्रॉपी कमी होत नाही, ती बाहेरच्या जगाशी काहीही देणेघेणे नसलेल्या व्यवस्थेत. पृथ्वी तशी नाही. सूर्याकडून आलेल्या प्रकाशाच्या एका कणामागे पृथ्वी उष्णतेचे साधारण २० कण अवकाशात परत टाकते. ऊर्जा आली तेवढीच गेली. पण आली ती एकवटलेली आणि गेली ती विखुरलेली. वरून खाली येणाऱ्या पाण्यावर पाणचक्की फिरावी, तशी सारी सजीवसृष्टी या उतारावर चालते. श्रोडिंगर या शास्त्रज्ञाने १९४४ च्या आपल्या 'व्हॉट इज लाइफ?' या छोट्या पुस्तकात हेच मांडले होते. सजीव आपल्या आतली व्यवस्था टिकवतो, पण त्याबदल्यात भोवतालची अव्यवस्था वाढवतो. म्हणजे नियम मोडत नाही, त्याची किंमत मोजली जाते. ही किंमत कमी अन्नात, कमी पाण्यात मोजू शकणाऱ्यांची पिल्ले अधिक जगतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच होत राहिले की प्राणी बदलतो.

आता आपल्या ओमानच्या वाळवंटातला उंट पाहा. पाणी न मिळालेला उंट दिवसभरात स्वतःचे तापमान ३४ अंशांवरून ४० पर्यंत चढू देतो. (आपल्याकडे एवढा चढ-उतार दिसला तर आम्ही रुग्णाला तत्काळ दाखल करून घेऊ!) ५०० किलोच्या उंटात अशी सुमारे २५०० किलोकॅलरी उष्णता साठते. तीच घामावाटे घालवायची तर चार लिटरहून अधिक पाणी खर्ची पडेल. उंट थांबतो. उष्णता आपण होऊन गरम वस्तूकडून गार वस्तूकडेच वाहते. रात्री वाळवंट गार झाले की ती फुकटात निघून जाते. श्मिट-नील्सन यांनी १९५० च्या दशकात सहारात उंटांवर ही मोजमापे केली.

माणसाची तऱ्हा वेगळी. नुसते बसून असतानाही आपले शरीर सुमारे १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण करते. ती बाहेर पडलीच नाही, तर तापमान तासाला जवळजवळ दीड अंश वाढेल. हवा त्वचेपेक्षा गरम असेल तेव्हा सुटकेची एकच वाट उरते, ती घामाची. आपल्या अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथी आहेत. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. मात्र तो वाळला तर! हवा दमट असली की घाम नुसता ओघळतो. पाणी जाते, मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. २०२२ साली पेनसिल्वेनियात निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगात, शंभर टक्के आर्द्रतेच्या हवेत साधारण ३१ अंशांलाच शरीराचा तोल सुटू लागल्याचे दिसले. पूर्वी ही मर्यादा ३५ मानली जाई. आणि उंटासारखी रात्रीची वाट पाहावी, तर २६ जून २०१८ रोजी आपल्या किनाऱ्यावरच्या कुरियातमध्ये चोवीस तासांत पारा ४२.६ च्या खाली उतरलाच नाही.

म्हणूनच येथे जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरच्या कामाला बंदी असते. भारतातून सुट्टीसाठी आलेल्या आई-वडिलांना मात्र हा नियम कोणी सांगत नाही. वयानुसार घाम कमी होतो, तहान उशिरा लागते, आणि त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. संध्याकाळी मत्राहच्या कॉर्निशवर फिरताना 'ऊन तर उतरलंय' असे ते म्हणतील, पण दमटपणा उतरलेला नसतो. अंग तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, असे दिसले तर तो उष्माघात समजा. अँब्युलन्स बोलवा, आणि ती येईपर्यंत थांबू नका. कपडे सैल करून सावलीत किंवा एसीत आणा, अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि जोराचा वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. क्रोसिनचा येथे उपयोग नाही.