पडद्याचा आराखडा आणि दोन भाषा

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी बटणे, रकाने व मथळे मांडण्याच्या दोन रीती आहेत. एकीत प्रोग्रॅमर क्रमाने आज्ञा लिहितो: येथे रकाना काढ, त्याखाली बटण ठेव. दुसरीत आज्ञा न देता पडदा कसा असावा याचे केवळ वर्णन करावयाचे. अशा वर्णनाच्या भाषेस मार्कअप भाषा म्हणतात. १९९८ साली प्रमाणित झालेली 'एक्सएमएल' हा त्यांपैकी अनेकींचा पाया होय. मोझिलाची 'झूल', मायक्रोसॉफ्टची २००६ मधील 'झॅमल' आणि अँड्रॉइडचे पडदे ही त्याची उदाहरणे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास ही कल्पना परकी वाटू नये. व्हाउचरचा छापील नमुना रकाने कोठे ते सांगतो. रक्कम योग्य की अयोग्य ते ठरवीत नाही. तसेच मार्कअपमध्ये बटण असते. ते दाबल्यावर काय व्हावे, हे जावा किंवा कॉटलिनमध्ये वेगळे लिहितात. उघडलेली प्रत्येक खूण बंद करावीच लागते. मात्र तेरीज जुळली तरी हिशेबात चूक राहू शकते, तद्वत सर्व खुणा जुळूनही पडदा गैरसोयीचा असू शकतो.

आपल्या द्विभाषिक भागास महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अँड्रॉइडमध्ये बटणावरचा शब्द आराखड्यात न लिहिता तेथे त्याचे केवळ सांकेतिक नाव देता येते. प्रत्यक्ष शब्द भाषावार फायलींत राहतात: मराठीची एक, कन्नडची एक. फोनची भाषा पाहून यंत्रणा योग्य फाइल उचलते. आराखडा एकच, भाषा दोन! एखादा शब्द त्या फाइलीत नसेल, तर मूळ फाइलीतला, बहुधा इंग्रजी, शब्द दिसतो. अर्धवट अनुवाद असा उघडा पडतो.

येथे एक पथ्य आहे. मराठीत 'पाठवा' लिहिले तेथे कन्नडमध्ये 'कळुहिसि' येते. बटणाची रुंदी आकड्याने बांधून टाकली, तर लांब शब्द तुटतो किंवा दुसऱ्या ओळीत जातो. म्हणून मजकुराप्रमाणे रुंदी घेण्याची सूचना आराखड्यातच द्यावी.

या शब्दांच्या फायली भरण्यास प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. भाषा नीट यावी लागते. माझ्या मते, दोन्ही भाषा जाणणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी हे काम परक्यांवर सोडू नये.