इंग्रजी स्पेलिंग कसें शिकावें?



इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलास जें पहिलें दुःख होतें, तें स्पेलिंगाचें. ‘कमळ’ हा शब्द कसा लिहावा, हें मराठी मुलास कोणाला विचारावें लागत नाहीं. बोलावें तसें लिहावें, एवढें त्यास पुरतें. तोच मुलगा इंग्रजी पुस्तक उघडून पाहतो, तों ‘नाइफ’ शब्दाच्या दाराशीं ‘के’ उभा असतो, आणि उच्चारांत मात्र त्याचा मागमूसही नसतो!

माझ्या वर्गांत दर्यापुराकडील एका खेड्याहून आलेला एक सोबती होता. गणितांत तो आम्हां सर्वांच्या पुढें असे. परंतु इंग्रजीच्या पहिल्याच श्रुतलेखनांत त्यानें ‘स्टेशन’ हा शब्द ‘आय्’ या अक्षरानें आरंभिला. कारण त्याच्या घरीं लहानथोर सर्व ‘इष्टेशन’च म्हणत. वर्गांत हंशा पिकला, आणि शिक्षकांनीं तो शब्द त्याजकडून शंभर वेळां लिहवून घेतला. तेव्हांपासून, ज्यांच्या स्पेलिंगाची पक्की खात्री तेवढेच तीनचार अक्षरांचे शब्द तो निबंधांत वापरूं लागला. विचार मोठा आणि शब्द तोकडा, अशी त्याची स्थिति झाली; शेवटीं इंग्रजीच्या धास्तीनें त्यानें शाळाच सोडली. त्याची चूक बुद्धीची नव्हती. कानानें ऐकलें तें त्यानें प्रामाणिकपणें लिहिलें होतें. इंग्रजी स्पेलिंग हें एकट्या कानाचें काम नव्हे, एवढेंच त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. तें सांगावें, म्हणून हा लेख.

स्पेलिंगांत हीं नको असलेलीं अक्षरें येतात तरी कोठून? आपल्या वऱ्हाडांतीलच उदाहरण घ्या. इंग्रजी अमलांत अमरावतीचें नांव ‘ए-एम्-आर्-ए-ओ-टी-आय्’ असें लिहीत, आणि यवतमाळचें ‘वाय्-ई-ओ-टी-एम्-ए-एल्’. घाईच्या बोलण्यांत या दोन्ही नांवांतील ‘व’ पुसट होतो. परक्या कानास तो ‘ओ’सारखा भासला असावा, आणि भासला तसा तो कागदावर उतरला. पुढें हीं दोन्ही स्पेलिंगें उच्चारास धरून बदलण्यांत आलीं. अकोल्याचें ‘ए-के-ओ-एल्-ए’ हें मात्र तेव्हां होतें तेंच आज आहे. अमरावतीचें जुनें स्पेलिंग तसेंच राहतें, तर आजच्या मुलानें विचारिलें असतें, “गुरुजी, हा ‘ओ’ येथें कशासाठीं?”

इंग्रजी शब्दांचें असेंच झालें आहे. ‘नाइफ’ म्हणजे सुरी आणि ‘नाइट’ म्हणजे योद्धा. या शब्दांच्या आरंभींचा ‘के’ इंग्रज लोक एके काळीं खरोखर उच्चारीत असत. १४७६ सालीं विल्यम कॅक्स्टन यानें इंग्लंडांत छापखाना काढला. छापील पुस्तकांमुळें स्पेलिंगें हळूहळू स्थिर होऊं लागलीं. परंतु त्याच शतकांत व पुढील दोन शतकांत इंग्रजांचे दीर्घ स्वर बदलत होते. जीभ पुढें गेली आणि अक्षर मागें राहिलें. पंडितांनींही यांत भर घातली. ‘डेट’ म्हणजे कर्ज. हा शब्द फ्रेंच भाषेंतून ‘बी’वांचून आला होता. मूळ लॅटिन शब्दांत ‘बी’ आहे, म्हणून विद्वानांनीं तो मध्यें बसविला. तेव्हांपासून तो तेथें मुका बसून आहे.

आपण यास हंसूं नये. मराठींतही ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ एकाच अक्षरानें लिहितों, पण उच्चार दोन करितों. या लेखांत ‘केलें’, ‘नाहीं’ अशा शब्दांवर जुन्या पद्धतीनें दिलेलीं टिंबें पाहा. जीभ तीं केव्हांच विसरली होती, तरी लेखणी तीं देतच राहिली. १९६२ सालच्या साहित्य महामंडळाच्या नियमांनीं तीं लेखनांतून गेलीं. इंग्रजीस असें महामंडळ नाहीं. बर्नार्ड शॉ १९५० सालीं वारले, तेव्हां नव्या इंग्रजी लिपीसाठीं त्यांनीं मृत्युपत्रांत पैसा ठेविला होता. त्या लिपींत त्यांचें एक नाटक १९६२ सालीं छापलेंही गेलें. परंतु लोकांनीं ती लिपि उचलली नाहीं. सारांश, स्पेलिंग बदलेल या आशेवर न राहतां तें शिकणेंच आपल्या हातीं आहे.

सुदैवानें कांहीं नियम भरंवशाचे आहेत.

पहिला नियम मुक्या ‘ई’चा. एच्-ए-टी ‘हॅट’, शेवटीं ‘ई’ जोडला कीं ‘हेट’. हा ‘ई’ स्वतः बोलत नाहीं, पण मागील स्वरास त्याचें स्वतःचें नांव उच्चारावयास लावतो. ‘हॅव्ह’, ‘गिव्ह’ असे कांहीं शब्द यास अपवाद आहेत.

दुसरा नियम ‘इंग’ जोडण्याचा. ‘होप’ म्हणजे आशा करणें. ‘इंग’ जोडतांना त्याचा शेवटचा ‘ई’ गळतो व ‘पी’ एकच राहतो. ‘हॉप’ म्हणजे एका पायावर उड्या मारणें. त्याचा ‘पी’ दुप्पट होतो. ‘मी उत्तीर्ण होण्याची आशा करीत आहें’ असें लिहितांना एक ‘पी’ अधिक पडला, तर परीक्षकास आपण उड्या मारतांना दिसूं!

तिसरा नियम ‘सी’चा. ‘सी’पुढें ई, आय् किंवा वाय् आल्यास त्याचा उच्चार बहुधा ‘स’ होतो, एरव्हीं ‘क’. म्हणूनच ‘नोटिस’ला ‘एबल’ जोडतांना मधला ‘ई’ गाळीत नाहींत. गाळला तर ‘स’चा ‘क’ होईल. दुसऱ्या नियमाचा हा अपवाद लहरी नव्हे, त्यास कारण आहे.

चौथा नियम ‘वाय्’चा. अनेकवचन करितांना, मागें व्यंजन असल्यास ‘वाय्’चा ‘आय्-ई’ होऊन ‘एस्’ लागतो, जसें ‘सिटी’. मागें स्वर असल्यास ‘वाय्’ तसाच राहतो, जसें ‘बॉय’.

मराठी कानास एक गोष्ट विशेष जपावी लागते. आपला ‘व’ एक, इंग्रजीचे दोन. मद्यास ‘डब्ल्यू’, वेलीस ‘व्ही’. बाकीचीं तिन्ही अक्षरें तींच.

जेथें नियम थकतो, तेथें शब्दाचें कुटुंब पाहावें. ‘साइन’ शब्दांत ‘जी’ मुका आहे. त्याच्याच घरांतील ‘सिग्नेचर’ व ‘सिग्नल’ यांत तो स्पष्ट बोलतो. हे तिन्ही शब्द एकत्र लिहावे, म्हणजे मुका ‘जी’ विसरत नाहीं. नवा शब्द पाहावा, झांकावा, न पाहतां लिहावा आणि मग ताडून पाहावा. चुकलेले शब्द एका लहान वहींत उतरावे. उद्यां एकदां, आठवड्यानें एकदां व महिन्यानें एकदां पुन्हां लिहावे. एकाच बैठकींत शंभर वेळां लिहिल्यानें हात दुखतो. दिवस मध्यें टाकून चार वेळां लिहिल्यानें शब्द टिकतो.

अकोल्याशीं ज्यांचें नांव निगडित आहे ते विष्णु मोरेश्वर महाजनी १९०७ सालीं पुणें येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांनीं शेक्सपिअरच्या ‘सिंबेलीन’ नाटकावरून मराठींत ‘तारा’ नाटक रचिलें. त्या शेक्सपिअरच्या ज्या सह्या आज उपलब्ध आहेत, त्यांत त्याच्या स्वतःच्या नांवाचेंही स्पेलिंग एकसारखें नाहीं! म्हणून निष्काळजी राहावें असें नव्हे. आजच्या परीक्षकास स्पेलिंग अचूकच हवें. परंतु एक अक्षर चुकलें म्हणून बुद्धि उणी ठरत नाहीं, हें मनांत पक्कें असावें. मोठा विचार सुचला तर मोठा शब्द लिहावा. चुकला तर वहींत उतरावा. आणि शेजारच्या बाकावरील कोणी ‘इष्टेशन’ लिहिलें, तर हंसूं नये. त्यास तो ‘आय्’ कोठून आला तें समजावून सांगावें. माझ्या सोबत्यास तसें सांगणारा कोणी भेटता, तर तो शाळेंत राहिला असता.