खारे पाणी, गोडे पाणी आणि खालच्याचा हक्क

पिण्याचे पाणी मेघांतून कोण उतरवितो, याचा विचार करण्यास पवित्र कुरआन मानवाला सांगतो (सूरह वाकिअह, आयत ६८ ते ७०). अल्लाहने इच्छिले असते तर तेच पाणी ‘उजाज’ झाले असते, याचीही तेथे जाणीव करून दिली आहे. उजाज म्हणजे घशाखाली न उतरणारे खारट-कडू पाणी. हा शब्द इतरांना समजावून सांगावा लागत असेल. दर्यापूर, भातकुली वा अकोटच्या वाचकाला मुळीच लागू नये! पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली की हेच पाणी लागते.

या खोऱ्यातील गाळाच्या खोल थरांत क्षार आहेत. तेथील भूजल पिकाला दिले तर काळी जमीन चोपण होते. म्हणून पावसाचे, नदीचे किंवा वानसारख्या धरणातून नळाने आलेले पाणी हाच तेथील लोकांचा आधार.

आणि नदीची स्थिती काय? मोर्णा अकोला शहरातून वाहत पूर्णेस मिळते, ती शहराचे सांडपाणी घेऊनच. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकरांनी पात्रात उतरून जलकुंभी काढली. कार्य स्तुत्यच होते. परंतु जलकुंभी सांडपाण्यावर पोसते, आणि गटारे पात्रात वाहत राहिली की ती पुन्हा माजते.

मदीनेजवळील महजूर खोऱ्याच्या पाण्याविषयी प्रेषित (स.) यांचा निर्णय हदीसमध्ये आला आहे. वरच्या शेतकऱ्याने घोट्यापर्यंत पाणी अडवावे, मग खालच्यासाठी सोडावे. वरच्याचा अग्रक्रम येथे मान्य आहे, मालकी नव्हे. आता, सोडलेले पाणी वापरण्याजोगे नसेल तर खालच्याचा हक्क पोहोचला असे म्हणता येईल काय? माझ्या मते नाही. पाणवठ्यावर घाण करणे हे शापास कारण ठरणारे कृत्य म्हणून हदीसमध्ये (अबू दाऊद) स्वतंत्रपणे निषिद्ध आहे. अकोला वरचे शेत आहे, पूर्णाकाठची गावे खालचे.

मशिदीच्या वुजूखान्यातही हाच प्रश्न आहे. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत (बुखारी, मुस्लिम), मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. आपला नळ मात्र मसह करतानाही वाहत असतो. हनफी फिकहच्या मान्य मतानुसार वुजूचे वापरलेले पाणी पुन्हा वुजूस चालत नाही, तरी ते नापाक नसते. ते गटारात सोडण्याऐवजी आवारातील झाडांना किंवा शोषखड्ड्यात देता येते, आणि त्यासाठी एक पाइप व थोडी खोदाई पुरते.