मूल कुणाला बिलगतं? : बालक आणि भावबंध



जून महिन्यात अंगणवाडीच्या दारात थोडा वेळ उभे राहा. एक मूल आईचा पदर सोडत नाही, दुसरं मागे वळूनही बघत नाही. आपण लगेच म्हणतो, 'पहिलं लाडावलेलं, दुसरं शहाणं!' पण तसं असेलच असं नाही.

मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या घट्ट नात्याला भावबंध म्हणतात. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी हा सिद्धांत मांडला. मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात घरोघरी जाऊन आया आणि बाळांचं निरीक्षण केलं. पुढे अमेरिकेत त्यांनी साधारण वर्षाच्या बाळांवर प्रयोग केला. आई काही मिनिटं खोलीबाहेर जाते आणि परत येते. बाळ किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं, हे महत्त्वाचं.

१. सुरक्षित : आईकडे झेपावतं, शांत होतं, पुन्हा खेळायला लागतं.
२. टाळणारा : आईकडे बघत नाही, पण आतून ताणलेलं असतं.
३. द्विधा : बिलगतं आणि ढकलतंही, लवकर शांत होत नाही.
४. विस्कळीत : जवळ जावं की दूर, हेच बाळाला उमगत नाही. हा प्रकार मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी नंतर सांगितला.

मग आईच नसेल तर? आपल्या फलटणच्या लेकीचंच उदाहरण घ्या. निंबाळकरांच्या घरातल्या सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर वारल्या, तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. सईबाई आजारी असल्याने कापूरहोळच्या धाराऊंनी त्यांना दूध पाजलं होतं. पुढे आजी जिजाबाईंनी सांभाळलं. म्हणजे मायेची माणसं एकाहून जास्त असू शकतात. मूल रडलं की जो धावतो, रोज धावतो, त्याच्याशी भावबंध जुळतो.

म्हणून कामावर जाणाऱ्या आईने स्वतःला दोष देऊ नये. आजी, बाबा, अंगणवाडीताई यांच्यापैकी एखादं माणूस रोजचं, ठरलेलं असू द्या. आणि मुलाची नजर चुकवून कधी निघून जाऊ नका. 'मी दुपारी येते' असं सांगा आणि दुपारी याच.

करून बघा : आज मुलाला घ्यायला गेल्यावर पहिलं मिनिट मोबाईल बाजूला ठेवा. मूल काय करतं, तेवढंच बघा.