चांगला माणूस 'कंपनीत' का जातो? इंटेलच्या कारखान्यातून छोट्या उद्योगासाठी तीन धडे



"सर, दोन वर्षं शिकवला, हाताशी आला, आणि कंपनीत लागला." प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी हे सांगतंच. आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : "तेवढा पगार आपण कुठून देणार?"

पगार हे कारण आहेच. पण मोठ्या कंपनीत माणसाला रोजच्या कामात अशा काही गोष्टी मिळतात, ज्यांना जवळजवळ पैसेच लागत नाहीत. त्या आपणही देऊ शकतो. या आठवड्याच्या व्हिडिओत आपण इंटेलचं उदाहरण घेतलं होतं. तिथे जे घाईत सांगितलं, ते इथे नीट बघू.

तिथलं काम असतं तरी कसं?

रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात इंटेल सुरू केली. कॉम्प्युटरच्या चिप बनवणारी ही कंपनी. चिपच्या कारखान्याला 'फॅब' म्हणतात.

फॅबमध्ये शिरण्याआधी कामगार डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा सूट चढवतो. हा सूट चिपला माणसापासून वाचवण्यासाठी असतो. आपल्या त्वचेचा किंवा केसाचा बारीकसा कणही चिप बाद करू शकतो. म्हणून मेकअप नाही, परफ्यूम नाही. जिथे प्रकाशाने नक्षी उमटवतात, तिथे दिवेसुद्धा पिवळे असतात, कारण साध्या दिव्याने वेफरवरचं रसायन बिघडतं. वेफर म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, जिच्यावर चिप तयार होतात.

काम २४ तास चालू. शिफ्ट १२ तासांची; साधारणपणे एका आठवड्यात तीन दिवस, पुढच्या आठवड्यात चार. एका वेफरवर शेकडो प्रक्रिया होतात आणि चिप तयार व्हायला काही महिने जातात. म्हणजे आज रात्री झालेली चूक कदाचित कित्येक आठवड्यांनी उघडी पडणार. अशा ठिकाणी "माझ्या लक्षात आहे" या भरवशावर कारखाना चालूच शकत नाही. इथूनच आपले तीन धडे सुरू होतात.

धडा १ : चार्ज लिहून द्यायचा

शिफ्ट संपताना कोणतं मशीन बंद आहे, कुठल्या लॉटवर लक्ष ठेवायचं, काय अर्धवट राहिलं, हे पुढच्या शिफ्टला रीतसर सांगितलं जातं. येणारा माणूस चाचपडत बसत नाही.

आता आपल्या शेडमध्ये बघा. सकाळी पोरगा येतो आणि तुमची वाट बघतो. तुम्ही बँकेत अडकलात की तास गेला. दुपारी तुम्ही येऊन विचारता, "अजून सुरू नाही केलं?" त्याची चूक काय? त्याला काम सांगितलंच नव्हतं!

धडा २ : पद्धत एकच, सगळीकडे

इंटेलचा एक प्रसिद्ध नियम आहे, 'कॉपी एक्झॅक्टली'. एका फॅबमध्ये प्रक्रिया नीट बसली की दुसऱ्या फॅबमध्ये ती तंतोतंत तशीच उतरवायची. कामावर परिणाम करू शकेल अशी बारीकसारीक गोष्टही परस्पर बदलायची नाही. सुधारणा सुचवायला बंदी नाही. पण ती आधी तपासायची, मंजूर करायची आणि मग सगळीकडे लागू करायची.

बेकरीची दुसरी शाखा काढली आणि खारीची चव बदलली, असं ऐकलंय ना? कारण कृती मालकाच्या किंवा एका कारागिराच्या डोक्यात होती. तो कारागीर रजेवर गेला की धंदाही रजेवर! आणि नव्या माणसाला रोज वेगळी सूचना मिळाली की त्याला वाटतं, इथे आपण काहीही केलं तरी बोलणी खायचीच.

धडा ३ : माणसासोबत ठरलेली बैठक

अँडी ग्रोव्ह १९८७ ते १९९८ या काळात इंटेलचे सीईओ होते. इतकी मोठी कंपनी चालवणारा हा माणूस इतरांसारखाच क्युबिकलमध्ये बसायचा. त्यांनी १९८३ च्या आपल्या 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' या पुस्तकात वरिष्ठ आणि हाताखालचा माणूस यांच्या समोरासमोरच्या बैठकीवर फार भर दिलाय. त्यांच्या मते ही बैठक हाताखालच्या माणसाची. विषय त्याने आणायचे, साहेबाने ऐकायचं. नवखा असेल तर वारंवार भेटायचं, मुरलेला असेल तर अंतर वाढवायचं.

आपल्याकडे मालक आणि कामगार निवांत कधी बोलतात? उचल मागताना, नाहीतर नोकरी सोडताना. तोवर उशीर झालेला असतो.

नाण्याची दुसरी बाजू

मोठी कंपनी म्हणजे स्वर्ग नाही, हेही लक्षात ठेवा. १२ तासांची रात्रपाळी अंगावर येते. माणूस वर्षानुवर्षं एकाच टप्प्यावर काम करत राहू शकतो. आणि नोकरी कायमची असतेच असं नाही : ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलनेच १५ टक्क्यांहून जास्त मनुष्यबळ कमी करण्याची घोषणा केली.

तुमच्याकडे काय आहे? तुमच्याकडचा मुलगा कोटेशनपासून डिलिव्हरीपर्यंत अख्खा धंदा बघू शकतो. पण तुम्ही दाखवलात तर! त्याला फक्त "हे उचल, ते ठेव" सांगत राहिलात, तर त्याच्या दृष्टीने तुमच्यात आणि कंपनीत एकच फरक उरतो, पगाराचा. तिथे तुम्ही हरणारच.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एक साधी वही घ्या. रोज संध्याकाळी त्यात तीन ओळी : आज काय झालं, काय राहिलं, उद्या सकाळी पहिलं काम कोणतं. लिहायचं कामगाराने, वाचून सही तुमची.

२. ज्या कामात सगळ्यात जास्त माल परत येतो, ते एकच काम निवडा. त्याची पद्धत एका पानावर मराठीत लिहा आणि मशीनजवळ लावा. लिहिताना ते काम करणाऱ्यालाच सोबत बसवा.

३. तुमच्या सगळ्यात चांगल्या माणसासोबत अर्धा तास बसा. फोन बाजूला. पहिला प्रश्न : "तुझं काम कुठे अडतं?" मग गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड आहे, करून बघा.

कंपनीत जाणारा प्रत्येक जण थांबेल, असं मी म्हणणार नाही. काही जातीलच, आणि जावंही. पण ही वही आणि ते पान तुमच्याकडे राहील, आणि पुढचा मुलगा शून्यापासून सुरू करणार नाही.

पुढच्या भागात त्या एका पानाचा नमुना घेऊन बसू. तोवर वही आणा!