गाजर गवताच्या दिवसांत

गणपती गेले की पुण्याच्या कडेकडेला राहणाऱ्या आमच्यासारख्यांचं नाक वाहू लागतं. पाऊस ओसरलेला असतो. रिकामे प्लॉट, नाल्याचे काठ, बांधकामाचा राडारोडा, जिथे म्हणून कोणाची कुदळ लागत नाही तिथे गाजर गवत कमरेएवढं वाढतं आणि बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातं. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच या परदेशी तणाची ठळक नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. त्याच्या परागकणांनी कोणाला शिंका येतात, कोणाचे डोळे चुरचुरतात, कोणाला धाप लागते. काहींची कातडी तर नुसता पाला लागला तरी लाल होऊन खाजते.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. हळदीचं दूध, तुळशीचा काढा, ओव्याची पुरचुंडी, मध. यातलं बरंच मी केलं आहे, काही अजूनही करते. पण माझं मत आता पक्कं झालं आहे. या ॲलर्जीवरचा खरा घरगुती उपाय पोटात घ्यायचा नसतो. परागकण अंगापासून लांब ठेवायचे आणि नाकात गेलेले धुऊन काढायचे, एवढाच तो. आणि त्रास छातीत उतरला की घरगुती उपायांची हद्द संपते.

आमच्या शेजारच्या प्लॉटवरचं गवत एका वर्षी ऐन फुलोऱ्यात यंत्राने कापून काढलं. दिवसभर हिरवी धूळ उडत होती. संध्याकाळपर्यंत माझ्या शिंका थांबेनात आणि रात्री श्वास सोडताना छातीतून शिट्टी वाजू लागली. घरच्यांनी मायेने काढा दिला, वाफ दिली, पाठीला बाम चोळला. वाफेने नाक मोकळं झालं, म्हणून सगळ्यांना वाटलं उतार पडतोय. पहाटे मला एक वाक्यही सलग बोलता येईना, तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथे नेब्युलायझर लावल्यावर श्वास सुटला.

नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोकं आहेत, हे डॉक्टरांनी मला तेव्हा समजावलं. नाकाची ॲलर्जी असलेल्या अनेकांना पुढे दमाही होतो. दम्यात आतल्या श्वासनळ्या आवळतात आणि सुजतात. तिथपर्यंत ना तुळस पोचते ना ओवा. शिट्टी, छातीत आवळल्यासारखं वाटणं, रात्री खोकल्याने जाग येणं, यातलं काही असेल तर फुंकून बघायची तपासणी करून घ्या आणि इन्हेलर सांगितला तर घ्या. त्याची सवय लागते ही भीती निराधार आहे. बोलताना धाप लागत असेल, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणभरही थांबू नका.

गवताचंही सांगते. फुलावर आलेलं गाजर गवत यंत्राने कापू नये. पराग उडतात, आणि बुडखा राहिला की ते पुन्हा फुटतं. फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून मुळासकट उपटावं. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी या कामाला हातच लावू नये. पावसाच्या तोंडावर मोकळ्या जागेत टाकळ्याचं बी फेकलं तर तो दाट वाढून या गवताला दाबतो, शिवाय कोवळा असताना भाजीलाही होतो. सोसायटीच्या बैठकीत हा विषय पावसाळ्याआधीच घ्यावा.

आता घरातलं. पुण्यात दुचाकीवरच्या आम्हा बायकांचा स्कार्फ हा मोठा आधार असतो. पण तोच स्कार्फ आठवडाभर डिकीत ठेवून रोज नाकावर बांधला, तर कालचे पराग आज हुंगायचे. तो रोज धुवायला हवा. बाहेरून आल्यावर कपडे बदलावेत, चेहरा आणि पापण्या गार पाण्याने धुवाव्यात. केसांत पराग अडकतात आणि रात्री उशीवर उतरतात, म्हणून त्या दिवसांत डोकं झोपायच्या आधी धुतलेलं बरं. कपडे, विशेषतः चादरी आणि अभ्रे, आत वाळवावेत. दसरा-दिवाळीच्या झाडलोटीत ओल्या फडक्याने पुसावं. माळ्यावरची धूळ आणि पावसाळ्यात भिंतीला धरलेली बुरशी यांचाही त्रास असतोच. शेवंती आणि सूर्यफूल गाजर गवताच्याच कुळातली आहेत. ज्यांच्या कातडीला त्या गवताने खाज सुटते त्यांनी शेवंतीच्या वेण्याही जपून हाताळाव्यात.

सगळ्यात जास्त गुण मला जलनेतीने, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याने, आला, आणि सगळ्यात जास्त काळजीही तिथेच घ्यावी लागते. नळाचं पाणी थेट वापरू नका, फिल्टरचंही नको. पाणी खळखळून उकळून, झाकून कोमट होऊ द्यायचं. गोड्या, कोमट पाण्यात क्वचित एक अमिबा असतो. तो पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकावाटे मेंदूत पोचला तर जीव जातो. केरळात अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण आढळले आहेत. मीठ अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा भरायला थोडं कमी. कमी पडलं किंवा जास्त झालं तर नाक झोंबतं. नंतर वाकून पाणी निथळू द्यायचं आणि नाक हळूच शिंकरायचं. जोर केला तर पाणी कानाकडे जातं. नाक ठार बंद असेल किंवा कान दुखत असेल तर नेती करू नये. भांडं दर वेळी धुऊन कोरडं ठेवावं.

बाहेर पडताना नाकपुडीच्या कडेला व्हॅसलीनचं बोट फिरवते, काही पराग तिथेच चिकटतात. नाकात तेल ओतून आडवं पडणं मात्र टाळा, ते फुप्फुसात उतरू शकतं. वाफेने तात्पुरतं बरं वाटतं. लहान मुलांना उकळत्या पातेल्यासमोर बसवू नका, भाजण्याचे अपघात असेच होतात. काढ्याने घसा शेकतो, बस. त्यात ज्येष्ठमध रोज पडत असेल तर रक्तदाब वाढू शकतो. मध चवीला घ्या, त्याने ॲलर्जी जाते याला भक्कम पुरावा नाही. बंद नाकात टाकायचे थेंब तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट अधिकच चोंदतं. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा नाकाचा फवारा वेगळा. तो रोज, हंगामाच्या थोडा आधीपासून घ्यायचा असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

शेवटचं, पुड्यांविषयी. आमच्या ओळखीच्या एका काकूंना कोणीतरी ॲलर्जीवर बिननावाची पांढरी पुडी आणून दिली, 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून. दोन दिवसांत शिंका बंद. काही महिन्यांत चेहरा गोल सुजला, साखर वाढली. त्यांच्या डॉक्टरांना पुडीत स्टिरॉइड मिसळल्याचा दाट संशय आला. आयुर्वेदिक औषधावरही परवाना क्रमांक, घटक आणि बॅच छापणं बंधनकारक आहे. ज्यावर हे नाही ते कोणीही दिलं तरी घेऊ नका. आणि अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर ती स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी बरोबर घ्या आणि आजच डॉक्टरांना दाखवा.